सॉल्टेअरच्या कामगारघराची भिंत मोकळी करताना

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या सॉल्टेअर गावातलं घर आम्ही घेतलं तेव्हा पुढच्या खोलीच्या भिंतीला खालपासून कमरेपर्यंत ओल होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते, गिलाव्यावर पांढरा लोणा फुटला होता आणि कपाट पुढे ओढलं की मागून कुबट वास यायचा. घर बघायला गेलो तेव्हाच हे सगळं दिसत होतं, आणि किंमत आमच्या आवाक्यात आली तीही त्या ओलीमुळेच. गिरणी कामगारांसाठी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेलं दगडी घर, तेही अख्ख्या रांगेसकट, गल्लीसकट आणि समोरच्या गिरणीसकट शाबूत. अशा घरात राहायला मिळणार याचं मला फार अप्रूप होतं. ते घर दुरुस्त करताना काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. ओल धरलेल्या जुन्या भिंतीचं दुखणं आपल्याकडच्या वाड्यांतही हेच असतं, आणि तिथेही त्यावर हाच चुकीचा इलाज होताना मी पाहिला आहे.

पहिला सल्ला मिळाला तो ओल मोजायला आलेल्या एका कंपनीच्या माणसाकडून. दोन सुया असलेलं यंत्र त्याने भिंतीत टोचलं, आकडा लाल पट्ट्यात गेला आणि निदान झालं: जमिनीतून वर चढणारी ओल. भिंतीला ओळीने भोकं पाडून रसायन भरायचं, आतला गिलावा खरवडून काढायचा आणि सिमेंटचा जलरोधक गिलावा करायचा. वर लेखी हमी. पण ते यंत्र मुळात लाकडातली ओल मोजण्यासाठी आहे. गिलाव्यात क्षार असले तरी त्याचा काटा वर जातो. आणि या गृहस्थांनी घराबाहेर जाऊन भिंत बघितलीच नव्हती. मी त्यांना नको म्हणून कळवलं.

बाहेरून भिंत बघितली की गोष्ट लगेच कळत होती. या घरांच्या भिंती साधारण दीड फूट जाड. बाहेरच्या बाजूला हातोडीने घडवलेले दगड, आतल्या बाजूला ओबडधोबड दगड आणि मध्ये भरताड. आजच्या इंग्लिश घरांत दोन भिंतींमध्ये पोकळी सोडलेली असते, तशी इथे नाही. यॉर्कशरचा पाऊस तिरका येतो, भिंत थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा आला की ते बाहेर टाकते. बाहेर टाकते ती मुख्यतः दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या सांध्यांतून, कारण दगडापेक्षा चुना जास्त सच्छिद्र. कधीतरी आधीच्या कुणीतरी या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या, त्याही दगडाच्या बाहेर फुगवून, चापूनचोपून. पाण्याची वाट बंद झाली. मग ते दगडातूनच बाहेर पडायला लागलं, हिवाळ्यात तिथेच गोठायला लागलं आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत गेला. आमच्या दाराच्या डाव्या बाजूला तर असं झालं होतं की सिमेंटची जाळी तशीच पुढे उभी आणि मधले दगड अंगठाभर आत गेलेले. मऊ वस्तू टिकवायला कठीण वस्तू लावली आणि मऊच झिजली. सिमेंटच्या दरजेचा माझा राग या एका जागेमुळे आहे.

त्यात पन्हळ गळत होती. इथली पन्हळ लाकडी, दगडी टोड्यांवर टेकलेली. तिचा सांधा नेमका ओलीच्या वरच उघडा पडला होता. शिवाय धुराड्याचं तोंड वर आणि खाली दोन्हीकडे बंद केलेलं, म्हणजे आतली हवा कोंडलेली. जमिनीतून चढणारी म्हणून जिच्यावर रसायन मारायचं होतं ती ओल बरीचशी वरून आणि पुढून येत होती. पन्हळीचा सांधा दुरुस्त केला, धुराड्याच्या मुखात जाळी बसवली आणि एक पावसाळी हंगाम नुसतं थांबलो. ओलीची रेघ वितीभर खाली आली. उरलेली ओल सिमेंटची होती.

सिमेंट काढायचं तर परवानगी हवी. हे घर ग्रेड दोनचं सूचीबद्ध, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीतलं घर आहे. सॉल्टेअरला २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, म्हणून लोकांना वाटतं की बंधनं त्यातून येतात. प्रत्यक्षात कायद्याचा बडगा आहे तो सूचीबद्ध इमारतींच्या १९९० च्या कायद्याचा. इमारतीचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो इथे फौजदारी गुन्हा ठरतो. अर्जाला शुल्क नाही. निर्णयाची मुदत आठ आठवडे. पण अर्जासोबत वारसा निवेदन जोडावं लागतं: तुमच्या घरात महत्त्वाचं काय, तुम्ही काय बदलणार आणि त्याने त्या महत्त्वाला धक्का कसा लागणार नाही. कुणाला पैसे देऊनही ते लिहून घेता येतं. मी स्वतः लिहायला बसले, आणि या सबंध खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरला.

निवेदनासाठी जे वाचलं ते असं. टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा लोकरीचा कारखानदार. दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका या प्राण्याच्या केसांपासून चकचकीत कापड काढून तो गबर झाला. ब्रॅडफर्ड तेव्हा धूर आणि सांडपाण्यात बुडालेलं होतं. १८४९ च्या कॉलऱ्याने तिथे शेकडो माणसं नेली, आणि त्याच सुमारास सॉल्ट शहराचा महापौर होता. शहरातल्या आपल्या गिरण्या एकत्र करून त्याने एअर नदी, लीड्स-लिव्हरपूल कालवा आणि रेल्वे यांच्या बेचक्यात नवी गिरणी बांधायला घेतली. २० सप्टेंबर १८५३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी घरांचं बांधकाम सुरू झालं आणि १८६८ पर्यंत आठशेहून अधिक घरं उभी राहिली. वास्तुरचनाकार लॉकवुड आणि मॉसन. त्या दोघांच्या नावानेही गल्ल्या आहेत. बाकीच्या बऱ्याच गल्ल्यांना बायकोमुलांची नावं: कॅरोलाइन, जॉर्ज, अमेलिया, एडवर्ड, फॅनी, हर्बर्ट, हेलन, एडा.

कामगारांची घरं नीट बांधावीत हा विचार तेव्हा हवेत होता. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने हेन्री रॉबर्ट्सकडून कामगारांसाठी नमुन्याची घरं बांधून घेतली होती. ती पुढे केनिंग्टन पार्कात हलवली, आजही उभी आहेत. पण नमुना वेगळा आणि अख्खं गाव वेगळं. शेजारच्या लीड्समध्ये पाठीला पाठ लावलेली घरं बांधली जात होती. त्यांना मागचं दारच नसतं, तीन बाजूंना शेजारी, वारा येणार तो एकाच बाजूने. तसली घरं लीड्सने थेट १९३७ पर्यंत बांधली. त्या तुलनेत आमच्या घराच्या आराखड्याकडे बघा: पुढे बसायची आणि स्वयंपाकाची खोली, मागे भांडी-धुण्याची मोरी, खाली दगडी तळघर, वर झोपायच्या खोल्या, मागे स्वतःचं परसू आणि त्यात स्वतःचा संडास आणि कोळशाची खोली. नळाचं पाणी आणि गॅस घरात. वारा पुढून मागे आरपार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कामगाराला हे मिळत होतं.

खिडक्या मोठ्या का, हेही तेव्हाच उमगलं. इंग्लंडमध्ये काचेवर कर होता, तो १८४५ मध्ये गेला. खिडक्यांच्या संख्येवर कर होता, तो १८५१ मध्ये गेला. सॉल्टेअरची घरं बांधायला घेतली १८५४ मध्ये. अगदी दहा-पंधरा वर्षं आधी बांधली असती तर पुढच्या खोलीत इतका उजेड आला नसता.

त्याच वेळी हा आराखडा माणसांची उतरंडही सांगतो. साध्या कामगारांची दारं थेट फुटपाथवर उघडतात. गिरणगावात ज्याला जॉबर म्हटलं असतं त्या मुकादमाच्या घराला पुढे हातरुमालाएवढी बाग. काही रांगांच्या टोकांना उंच तिमजली घरं. व्यवस्थापक आणि शिक्षक वरच्या अंगाला, मोठ्या घरांत. गल्लीतून चालताना दाराची कमान गोल आहे की सरळ, खिडक्या किती, मजले किती, यावरून आत कोण राहत असेल याचा अंदाज बांधता येतो. त्या काळी गावात दारूचं दुकान नव्हतं. गल्लीत दोरी बांधून कपडे वाळत घालायचे नाहीत, त्यासाठी १८६३ मध्ये सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याचं घर बांधून दिलं, ते आता राहिलेलं नाही. काळजी आणि नजर दोन्ही एकाच हाताची. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि आपण त्याच्या पगारावर, त्याच्याच घरात, त्याच्या नियमांत राहत असतो तर जीव गुदमरला असता असंही वाटतं. काम गेलं की घरही गेलं, हा धाक तिथे होताच.

जुनी जनगणना बघितली. १८७१ मध्ये आमच्या घरात आई-बाप आणि पाच मुलं होती. थोरल्या दोघी मुली सूतकताईत, मधला मुलगा अर्धवेळ, म्हणजे अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा शाळेत. सात माणसं. आम्ही तिघं राहतो आणि आम्हाला जागा अपुरी पडते. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचं लहानपण लोअर परळला बीडीडी चाळीत गेलं, आजोबा गिरणीत होते. बाबा म्हणाले, "सात माणसांना वर-खाली खोल्या आणि मागे परसू? अगं, आम्ही एका खोलीत आठ जण होतो, आणि संडास मजल्याच्या टोकाला." मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात, म्हणजे सॉल्टेअरनंतर साठ-सत्तर वर्षांनी, आणि त्याच साम्राज्याच्या सरकारने बांधल्या. साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. सॉल्टेअरची उदाहरणं तोवर जगजाहीर होती. माहिती नव्हती म्हणून मुंबईत खोल्या लहान झाल्या असं म्हणायला जागा नाही.

निवेदन गेलं, सोबत फोटो आणि रेखाचित्रं गेली. संवर्धन अधिकारी बाई घर बघायला आल्या. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: जुन्या चुन्याचा नमुना तपासून घ्या, आणि आधी भिंतीचा हातभर तुकडा करून दाखवा.

नमुना मिळाला तळघराच्या जिन्याजवळ, जिथे सिमेंट पोचलं नव्हतं. बोटाने चुरला तर त्यात पांढऱ्या चुन्याचे न मिसळलेले खडे होते आणि काळे बारीक कण. हे काळे कण कोळशाच्या राखेचे. गिरण्यांच्या गावात राख फुकट मिळे, ती चुन्यात मिसळत, आणि त्यामुळे चुना ओलसर हवेतही धरत असे. म्हणजे ज्या भट्ट्यांवर गिरण्या चालल्या त्यांची राख कामगारांच्या घरांच्या सांध्यांत आहे. तो चिमूटभर चुरा मी डबीत घालून ठेवला आहे.

गवंडी मिळायला वेळ लागला. दरजा भरणारे पुष्कळ, पण बहुतेकांची पहिली मागणी ग्राइंडर चालवू द्या अशी. आडव्या दरजेत मधोमध एक काप मारायला अनुभवी हात तो वापरतोही, उभ्या दरजेत मात्र पातं वरच्या-खालच्या दगडाला कापतंच आणि तो ओरखडा कायमचा. शेवटी जो गवंडी मिळाला तो साठीचा, बोलायला कमी. त्याने मला एक छिन्नी आणि लहान हातोडी दिली आणि तळच्या दोन ओळी मलाच काढायला लावल्या. सिमेंट फुगवून भरलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी ते वरवरचंच असतं. छिन्नी दगडाच्या कडेला न लावता सिमेंटच्या मध्यावर लावायची, हलके ठोके द्यायचे. एका क्षणी आवाज बदलतो, ठणठणीत आवाज बद्द होतो, म्हणजे तुकडा सुटला. मागे जुना चुना ओला, काळपट, गाळासारखा. इतकी वर्षं कोंडलेलं पाणी तिथे होतं. इंचभर खोल खरवडायचं, ब्रशने धूळ काढायची आणि भिंत आठवडाभर तशीच उघडी ठेवायची.

भरायचा मसाला एक भाग चुना आणि अडीच भाग वाळू. चुना पाण्याने धरणारा, पण तोही मऊ जातीचा घेतला. वाळू चाळून बारीक केलेली नको, जाडे-बारीक सगळे कण असलेली खरखरीत हवी, कारण मोठ्या कणांच्या फटीत छोटे कण बसले की चुना कमी लागतो आणि आक्रसत नाही. भरण्याआधी दरजेत पाणी फवारायचं. कोरडा दगड चुन्यातलं पाणी झटक्यात शोषतो आणि मसाला भुगा होतो. मग दरजेच्या रुंदीची बारीक थापी घेऊन मसाला आत दाबायचा, वर ओढायचा नाही. हे एवढं झालं की लोकांना वाटतं काम संपलं. खरं काम पुढे आहे. मसाला अंगठा दाबला तर ठसा उठत नाही पण नख रुततं, इतपत घट्ट झाला की ताठ केसांच्या ब्रशने तो टोकायचा. घासायचं नाही, टोकायचं. त्याने वरची साय फुटते, वाळूचे कण वर येतात आणि दरजेला श्वास घ्यायला खरखरीत तोंड मिळतं. दरज दगडाच्या किंचित आत राहते, आणि दगड दिसतो. त्यानंतर ओलं गोणपाट टांगून काही दिवस ते भिजतं ठेवायचं. पाच अंशांखाली तापमान गेलं तर काम बंद, म्हणून इथे हे काम एप्रिल ते सप्टेंबर एवढंच.

बाबा सुट्टीत आले होते, गोणपाट भिजवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. त्यांच्या आजोळी साताऱ्याकडे वाड्याला सिमेंटचा गिलावा केला तेव्हा आतल्या मातीच्या भिंती कशा फुगल्या ते ते गवंड्याला सांगत होते, मी मध्ये उभी राहून भाषांतर करत होते. गवंडी नुसता मान डोलावत राहिला आणि जाताना म्हणाला, सगळीकडे हेच.

आतली बाजू सोपी आणि कंटाळवाणी. कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा उतरवला, बकरीचे केस घातलेला चुन्याचा गिलावा तीन थरांत केला, प्रत्येक थर वाळेपर्यंत वाट बघितली, वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक रंग नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, संयम सोडून.

खिडक्यांबद्दल मात्र सांगायला हवं. १९३३ मध्ये गिरणीच्या मालकांनी गावातली घरं एका मालमत्ता कंपनीला विकली, मग ती एकेक करून राहणाऱ्यांच्या मालकीची झाली, आणि प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे दारं-खिडक्या बदलल्या. आमच्या पुढच्या खिडकीत पांढरं प्लास्टिक होतं. त्या जागी लाकडाची, वर-खाली सरकणारी खिडकी परत बसवायची होती. नशिबाने मागच्या झोपायच्या खोलीत एक जुनी खिडकी वाचली होती, रंगाच्या थरांनी चिकटून बंद पडलेली. सुताराने ती उतरवली, चौकटीच्या बगलेतली पट्टी काढली आणि आत लोखंडी वजनं दाखवली. प्रत्येक झडपेला दोन वजनं, दोरी कप्पीवरून वर जाते, वजन आणि काच एकमेकांना तोलतात, म्हणून मोठी झडप दोन बोटांनी उचलते. त्याने नव्या झडपा काचेसकट तागडीवर घालून मोजल्या आणि जुन्या वजनांना शिशाचे तुकडे जोडले, कारण नवी काच जुनीपेक्षा जाड होती. लाकडी पट्ट्यांची जाडी मागच्या खिडकीवरून मिलिमीटरला मिलिमीटर उचलली. काच लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवली. थंडीसाठी आतून वेगळी काचेची झडप लावली, उन्हाळ्यात ती काढून ठेवता येते. खर्च प्लास्टिकच्या जवळजवळ तिप्पट झाला. पैशाची ओढाताण झाली तरी हा निर्णय मी परत तसाच घेईन. प्लास्टिकची चौकट जाड असते, उजेड खाते. ती निघाल्यावर कर उठल्यानंतरच्या त्या मोठ्या खिडकीचा पुरा उजेड खोलीत आला.

दोन घरं सोडून राहणाऱ्या आजी रोज काम बघायला यायच्या. त्यांची आई गिरणीत होती, त्या स्वतःही काही वर्षं होत्या. गिरणी १९८६ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी उद्योजक जोनाथन सिल्व्हरने ती विकत घेतली आणि तिथे डेव्हिड हॉकनीच्या चित्रांचं दालन आलं, आता तिथे पुस्तकं आणि कॉफीही मिळते. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे निदान भिंती राहिल्या. आजींनी मला त्यांच्या घरातली ओलही दाखवली, तीही सिमेंटच्याच दरजेमागची. त्यांच्या पुढच्या भिंतीचा अर्ज आम्ही दोघींनी त्यांच्या टेबलावर बसून भरला, वारसा निवेदनातला इतिहासाचा भाग माझाच वापरला, आणि त्यांच्या आईची माहिती त्यांनी सांगितली तशी त्यात घातली.

आमची मागची भिंत अजून बाकी आहे. कोळशाच्या खोलीला लागून असलेले तीन दगड इतके झिजले आहेत की ते बदलावेच लागणार, आणि त्याच पोताचा, त्याच रंगाचा जुना दगड भंगारवाल्याच्या आवारात सापडतो का ते गवंडी बघतो आहे. अर्ज गेला आहे. परवानगी आली आणि एप्रिल उबदार निघाला तर तळची ओळ पुन्हा मीच खरवडणार आहे.